वेड्या बाभळीपासून दहा पावलं

लिंबायतच्या त्या गल्लीत तान्हं पोर दूध ओढेनासं झालं, की त्याची आई डॉक्टरकडे जायच्या आधी सरलाबाईंकडे यायची. "सरलाबाई, पोऱ्या रडस नुसता. एकदाव हात फिराई द्या," एवढं म्हटलं की सरलाबाई मांडीवरची साडी बाजूला सारत. साड्यांचे लटकते दोरे कापायचं काम त्या घरबसल्या करत. ते पोटासाठी होतं. नजर उतरवायचं काम त्या फुकट करत, आणि अभिमान होता तो त्याचाच. मूठभर मीठ, सात मिरच्या, चिमूटभर मोहरी पोरावरून सात वेळा फिरवून तापल्या तव्यावर टाकायची. पोर झोपलं की हात झटकून पुन्हा कात्री. पोर रडून थकलं म्हणून झोपलं असेल, असं म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

फक्त समोरचे नागनाथ आणि केशरबाई आपली पोरगी कधी घेऊन आले नाहीत. ते बौद्ध, त्यांच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. सरलाबाईंनी त्याचा राग धरला नाही. "त्यांची चैताली आजारीच पडत नाही, मग आणतील कशाला?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवून टाकला होता.

अमळनेरकडच्या खेड्यातून नवरा उखाबरोबर त्या सुरतेला आल्या त्याला तीस वर्षं झाली होती. उखा कापडाच्या लूमवर राबता राबता म्हातारा झाला आणि सहा वर्षांपूर्वी गेला. आता मुलगा हेमराज लूमवर, सून सुषमा कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला. दोघंही दिवसभर बाहेर, त्यामुळे आठ वर्षांची नात तारा सरलाबाईंच्या ताब्यात. तिची वेणी, तिचा डबा, तिची शाळेची रिक्षा, सगळं आजीच बघे. तारा शाळेत गुजराती बोले, गल्लीत हिंदी आणि आजीशी त्या दोन्हींत मराठी मिसळून तिन्हींची खिचडी.

नजर साधी असली तर तव्यावर भागायचं. जड असली की उतारा काढावा लागे. भात, लिंबू, अंडं, नारळ, दिवा, हळदकुंकू पानावर मांडून माणसावरून ओवाळायचं आणि उजाडायच्या आत वस्तीबाहेर नेऊन टाकायचं. सरलाबाईंची जागा ठरलेली होती. वस्तीच्या मागे खाडी आहे. खाडीच्या काठाने काटेरी झाडांचं रान माजलंय. गुजराती लोक त्याला गांडो बावळ म्हणतात, आपल्याकडे वेडी बाभूळ. तिथे कुणी जात नाही, कुत्रीसुद्धा काठाकाठाने निघून जातात. वीस वर्षं गल्लीची दुखणी सरलाबाई तिथे नेऊन ठेवत होत्या. त्याचे दोन नियम त्यांच्या सासूने घालून दिले होते. टाकून निघालं की मागे वळून बघायचं नाही, मागून कुणी नावाने हाक मारली तरीही नाही. आणि टाकायची जागा कुणाला सांगायची नाही. सांगितली, तर आजवर तिथे टाकलेलं सगळं उठून सांगणारावर बसतं.

तारा सहा वर्षांची असताना ते पहिल्यांदा आलं.

संक्रांतीचे पतंग विजेच्या तारांवर फाटून लोंबकळत होते, त्या दिवसांत. पहाटे पाणी यायच्या वेळी सरलाबाईंनी दार उघडलं आणि आत तारा शिंकू लागली. एक नाही, दोन नाही, लागोपाठ अकरा. मग डोळे लाल, नाकाला धार. सर्दी म्हणून सोडून दिलं. पण सर्दी आठ दिवसांत जाते, ही होळी ओलांडून गेली. ताप एकदाही आला नाही. आणि एक दिवस, कुणी उठून चालतं व्हावं तशी, ती थांबली.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत ती परत आली. तिथी लक्षात ठेवून आल्यासारखी.

तिसऱ्या वर्षी सरलाबाई वाटच बघत होत्या. संक्रांत झाल्यापासून त्या पहाटे ताराच्या उशाशी बसून राहत. त्या वर्षी नुसत्या शिंकांवर भागलं नाही. पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं उमटली, कुणी बोटाने काजळ फासावं तशी. नाकावर, शेंड्याच्या जरा वर, एक आडवी रेघ उठली. पुसली तरी जाईना. आणि झोपेत तिच्या घशातून आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि आतून कुणीतरी दार वाजवत असल्यासारखा तो आवाज. सरलाबाईंनी हळूच विचारलं, "तारा, काय करी राहिनी?" ताराने झोपेतच कूस बदलली. आवाज मात्र चालूच राहिला.

हेमराजने मेडिकलमधून सर्दीचं औषध आणलं. ते पाजलं की पोरगी शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची. बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली. औषध बंद झालं, शिंका चालू राहिल्या.

माघात सुषमाच्या भावाचं लग्न निघालं, सगळे नवरीच्या गावी धुळ्याला गेले. तिथे चार दिवस ताराला एक शिंक आली नाही. काळी वर्तुळं फिकी झाली. पोरगी मांडवात नाचली, जिलेबी खाल्ली, आडवी पडून गाढ झोपली. परतताना रिक्षा लिंबायतच्या खाडीपुलावर आली, वारा अंगावर आला, आणि ताराने तळव्याने नाक वर ढकललं. मग शिंकली. सुषमा म्हणाली, "आली वाटतं घरी." ती सहज बोलली. पण सरलाबाईंनी ते शब्दशः घेतलं. बाहेर नेली की सोडतं आणि वेशीत आली की धरतं, असं कोणतं दुखणं असतं? सर्दी तर धुळ्यालाही असते!

घरी आल्यावर त्यांनी लोबानची धुनी केली. त्यांच्या सासूची एक पारख होती. धुनीपुढे बसवून विचारायचं, वास येतो का. ज्याला बाहेरचं काही धरलेलं असतं त्याला लोबानचा वास येत नाही.

धुराने खोली भरली. हेमराज खोकत बाहेर गेला. सरलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तारा, वास येस का?"

"कशाचा, आजी?"

"लोबानना."

ताराने नाक पुढे केलं, पुन्हा केलं. मग मान हलवली. "नाही येत. कसलाच नाही येत."

सरलाबाईंनी धुनीवर झाकण ठेवलं. वीस वर्षांत ही पारख त्यांनी पाच-सात जणांवर केली होती. इतक्या धुरात बसून ‘नाही’ म्हणणारं कुणी निघालं नव्हतं. त्या रात्री त्यांनी जेवण टाळलं आणि हिशेब मांडत बसल्या, कुणाकुणाचं काय काय आपण खाडीकाठी ठेवलं. बळीरामच्या फिट. जयश्रीची पोटातच गेलेली दोन बाळं. लोटू लूमवरून आला आणि भिंतीशी बोलू लागला, ते. सगळं या हातांनी नेलं होतं, याच हातांनी घरी येऊन ताराला घास भरवला होता. हात धुतले होते, पण धुऊन काय जातं? मनाच हातनं व्हयनं हाई, त्या स्वतःशी म्हणाल्या. माझ्याच हातून झालंय हे. गल्लीतल्या पोरांना सोडून ते आता माझ्या पोरीवर आलंय.

मग त्या रोज धुनी करू लागल्या, सकाळी आणि तिन्हीसांजेला. तारा आता तोंडानेच श्वास घेई. पायऱ्या चढताना थांबे. वर्गात वाचताना वाक्य मध्येच तुटे. सुषमा म्हणाली, "आई, मोठ्या डॉक्टरला दाखवू." सरलाबाई म्हणाल्या, "आठ दिवस दे माले." त्या आठ दिवसांची त्यांना पुढे आयुष्यभर लाज वाटली.

शनिवारी अमावास्या होती. सुषमा-हेमराज झोपलेले असताना पहाटे सरलाबाईंनी ताराला उठवलं, नवा फ्रॉक घातला आणि हाताला धरून बाहेर काढलं. माफी मागायला. पोरीला तिथे उभं करायचं, नारळ ठेवायचा, म्हणायचं, चूक माझी, हिला सोड. असं कुणी केल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनाने ठरवलं होतं.

फटफटत होतं. खाडीवर धुकं आणि रंगाच्या कारखान्यांचा वास. वेडी बाभूळ फुलली होती. फांदीफांदीला सुरवंटासारखे पिवळे तुरे लोंबत होते, आणि वारा आला की त्यांच्यातून धुरासारखं काहीतरी उडे, दिसे-न दिसेसं. खाली जुने दिवे, सडलेली लिंबं, काळे पडलेले नारळ. त्यातले बहुतेक त्यांचेच. सरलाबाईंनी ताराला मध्यभागी उभं केलं. हात जोडायला लावले. फांदी हलली आणि पोरीच्या केसांवर, पापण्यांवर, नव्या फ्रॉकवर बारीक पिवळी भुकटी सांडली. सरलाबाईंना वाटलं, कौल मिळाला.

"चाल आते. मना पदर धर. मांगे वळीसन देखू नको."

त्या पुढे, तारा मागे. पदराला ओढ होती तोवर त्यांना पोरगी मागे आहे हे कळत होतं. मग शिंका सुरू झाल्या. त्यांनी मोजल्या नाहीत. मग पदराची ओढ सुटली.

आणि मागून एक आवाज आला. शिट्टीसारखा. बारीक, लांबट, आत ओढला जाणारा. माणसाच्या छातीतून असा आवाज येतो हे सरलाबाईंना ठाऊक नव्हतं. मग "आजी". पुन्हा शिट्टी. पुन्हा "आजी", आधीपेक्षा लहान.

सासूने हेच सांगितलं होतं. ते वळवायला बघतं, तुमच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं. सरलाबाईंनी दात आवळले आणि चालत राहिल्या. एक पाऊल. दोन. मागे पाल्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सात. आठ. कुणीतरी हाताच्या अंतरावरून श्वास घेत असावं असं वाटत होतं, आणि तो श्वास पुरत नव्हता. दहा.

दहाव्या पावलाला त्या वळल्या.

मागे कुणी नव्हतं. फक्त तारा होती, गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही हात जमिनीवर टेकून, खांदे वरखाली. ओठ निळसर दिसत होते. आणि ती शिट्टी तिच्या छातीतूनच येत होती.

सरलाबाईंनी पोरगी खांद्यावर टाकली आणि धावल्या. छप्पन्न वर्षांची बाई गल्लीतून अनवाणी धावत होती आणि सुषमाच्या नावाने ओरडत होती.

गोडादऱ्यातला मुलांचा दवाखाना रिक्षाने पाच मिनिटांवर. तिथे रात्रपाळीला डॉक्टर होती चैताली. समोरच्या नागनाथ-केशरबाईंची, लहानपणी कधीच आजारी न पडलेली पोरगी. तिने एक शब्द न विचारता ताराच्या तोंडावर मास्क लावला, मशीन सुरू केलं. मास्कमधून वाफ येऊ लागली. चैताली पोरीच्या बरगड्यांकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटांनी तिने विचारलं.

"सकाळी काय खाल्लं हिने? काही चावलं? कुठे गेली होती?"

"मला माहीत नाही," सुषमा म्हणाली. "मी झोपले होते. आईंचा ओरडा ऐकून उठले."

"काकू?" चैताली सरलाबाईंकडे वळली. "हे अचानक कशाने उठलं ते मला कळलं पाहिजे. त्यावर पुढचं औषध ठरणार."

मास्कमागे ताराला बोलता येत नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या सरलाबाईंना. त्यांच्यासमोर बळीराम उभा राहिला, तोंडाला फेस आलेला. जयश्रीची दोन न रडलेली बाळं. भिंतीशी बोलणारा लोटू. तोंड उघडलं की हे सगळे उठणार आणि चालत येणार. त्यांचा यावर पुरेपूर विश्वास होता, मास्कमधल्या वाफेवर नसेल इतका. 

"मी लई गयी व्हती तिले," त्या म्हणाल्या. "खाडीना काठे. वेडी बाभूयखाले. वीस वरीस मी तठेच उतारा टाकस."

सुषमाने सासूकडे असं पाहिलं की सरलाबाईंनी मान खाली घातली.

चैतालीने मात्र कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. "झाड फुललंय का?" तिने विचारलं. मग ताराच्या केसांतून बोट फिरवून तिने ते उजेडात धरलं. बोट पिवळं झालं होतं. "ही अ‍ॅलर्जी आहे, काकू. परागज्वर म्हणतात, पण ताप नसतो यात. फुलांची भुकटी नाकात गेली की हिचं शरीर तिला शत्रू समजून भांडायला उठतं. दर वर्षी झाड फुललं की चालू, फुलं सरली की बंद. मोहोर कुठला ते नक्की करायला तपासणी करू, पण आज माझा संशय या बाभळीवर आहे."

"आणि घशातला आवाज?" सरलाबाईंनी विचारलं.

"टाळू खाजते. ती खाजवायला जीभ टाळूला लावून सोडते. नाक सारखं वर ढकलते ना, त्याची ती रेघ. डोळ्यांखाली काळं येतं ते नाक तुंबल्यामुळे."

"लोबानना वास..."

"नाक आतून सुजल्यावर वास कुठून येणार? तुम्ही धूर केलात?" चैताली थांबली. "रोज? काकू, ती तोंडाने श्वास घेते. तो सगळा धूर सरळ छातीत गेला. धुनी नको, अगरबत्ती नको, मच्छरची कॉइलही नको."

सरलाबाईंना वाटलं होतं, हे ऐकून हायसं वाटेल. तसं झालं नाही. ही भुकटी हवेत दिसत नाही, म्हणत होती चैताली. वाऱ्यावर येते. खिडकीच्या फटीतून शिरते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, केसांवर बसून घरात येते आणि उशीवर मुक्काम करते. एकाला धरते, शेजारच्याला शिवतसुद्धा नाही. सरलाबाई ऐकत होत्या. हेच तर त्या वीस वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या! फक्त चैतालीला त्यावर काय करायचं ते ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं.

निघताना चैतालीने नाकात रोज मारायचा स्प्रे लिहून दिला आणि सुषमाला बजावलं. छातीत पुन्हा शिट्टी वाजली, बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले, एका दमात वाक्य पुरं होईना, तर घरी काहीही करत बसायचं नाही, तडक यायचं.

पुढचे दिवस सरलाबाई खाडीकाठी टाकलेल्या त्या सगळ्यांची वाट बघत होत्या. आज येतील, उद्या येतील. चहाचा कप हातातून निसटला तरी त्या दाराकडे बघत. आपल्यावर आलं तर पोरीला लागू नये म्हणून त्या ताराजवळ बसत नव्हत्या, गॅलरीच्या कोपऱ्यात साडी घेऊन पाठ करून बसत. सुषमा त्यांच्याशी बोलतच नव्हती. तिने ताराला माहेरी, कामरेजला ठेवायचं म्हणून फोनही केला. पण तिथे घराभोवती शेतं आणि गवत. चैताली म्हणाली, अ‍ॅलर्जी कशाची आहे ते कळेपर्यंत थांबा. पाचव्या दिवशी सुषमाची रजा संपली. ती सासूसमोर उभी राहिली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "स्प्रे तुम्हालाच मारावा लागेल. चैतालीताईंकडून शिकून घ्या."

सरलाबाई शिकल्या. डोकं मागे टाकायचं नाही, जरा पुढे झुकवायचं. नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे. जोराने हुंगायचं नाही. आधी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं, त्याचं प्रमाण चैतालीने चमचा दाखवून सांगितलं. औषध बामसारखं लगेच लागत नाही. रोज मारायचं, आठ-पंधरा दिवस धीर धरायचा, आणि पुढच्या वर्षी संक्रांतीच्या आधीच सुरू करायचं. पहाटे दार-खिडकी बंद. शाळेतून आली की आधी आंघोळ, केस धुऊन. कपडे गच्चीवर नाही, आत दोरीवर. साड्यांचे गठ्ठे झोपायच्या खोलीतून बाहेर. गल्लीतल्या बायका दार वाजवत, सरलाबाई आतूनच सांगत, "दवाखान्यात दाखव आधी." बायका रागावून जात. एक म्हणाली, सरलाबाईचा हात गेला. सरलाबाईंना ते झोंबलं, पण त्यांनी दार उघडलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तारा मोरीपाशी स्टुलावर बसली होती. एक नाकपुडी झाली होती. ती आता नाकाने श्वास घेत होती, आणि बोलताना वाक्य तुटत नव्हतं.

"आजी, त्या दिवशी मी आवाज देत होती ना. तुला ऐकायला आलं नाही?"

सरलाबाईंच्या हातात स्प्रे तसाच राहिला. आत सुषमा डबा भरत होती. भांड्यांचा आवाज थांबला. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. वारा होता, धुकं होतं, आजीचे कान म्हातारे झाले होते. आठ वर्षांची पोर मानून गेली असती.

"आलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग वळली का नाही?"

"माले वाटनं, तू नहीस. दुसरंच कोणी शे. दहा पावलं गयी मी, तारा. तू बलावत व्हती आणि मी दहा पावलं पुढे गयी."

ताराने हाताच्या पाठीने नाक पुसलं. रागावली की नाही, ते कळेना.

"पुढच्या वेळी पहिल्या आवाजाला वळ," ती म्हणाली, आणि दुसरी नाकपुडी पुढे केली.